खटका

सोहारच्या मासळीबाजारामागे दोर, गळ, जाळ्यांचं दुकान.
शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर शटर अर्धंच वर होतं,
मी वाकून आत शिरले.
"मिटते चाकू दाखवा."
"साहेबांसाठी?" दाद रहीमने विचारलं.
साहेब औशाला. शेंगा सोलायलाही त्यांना माझी नखं लागत.
माझ्यासाठी हवाय.
"कापायचंय काय?"
काहीच नाही.

त्याने मान हलवली, जणू असं गिऱ्हाईक रोज येतं,
आणि हिरव्या कापडाचा ट्रे काचेवर ठेवला.

मी त्याला सांगितलं नाही
की बारा तास डायलिसिसच्या वॉर्डात
हे हात दुसऱ्यांच्या रक्ताची वाट राखतात,
सुई, चिमटा, नळी, चिमटा,
आणि खोलीवर आल्यावर उजवा अंगठा
झोपायला तयार होत नाही.
पेनांची टोपणं संपवली.
बांगडी फिरवून फिरवून मनगट सोललं.
लिसम्माने तिची जपमाळ देऊ केली,
पण तिच्यात खटका नाही.

पहिला लाल मुठीचा. बटण दाबताच उसळला,
हाक मारायच्या आधीच ओ देणाऱ्या पोरासारखा.
ठेवला.
दुसऱ्याला नखासाठी खाच. उघडायला दोन्ही हात हवेत,
आणि मिटताना तो बोटाकडे बघतो.
तिसरा शिंगाचा, देखणा,
पण बिजागरीत वाळू.
चौथा इतका गुळगुळीत की कधी उघडला ते कळलंच नाही.
चोर.

मी डोळे मिटले. चाकू कानाने निवडायचा असतो,
कलिंगडासारखा.
दाद रहीमने बाहेरच्या पिकअपवाल्याला
इंजिन बंद करायची खूण केली.

पाचवा. काळी मूठ, आत पितळी पट्टी, बोटभर पातं.
अंगठा लावला तर आधी नकार,
तांदळाच्या दाण्याएवढा,
मग एकदम होकार. खट्.
पितळी पट्टी सारून मिटला
तर जरा खालच्या सुरात,
डब्याचं झाकण बसावं तसं, टक्.
खट्. टक्.
खट्.

आत्याचा अडकित्ता असाच वाजायचा.
दात गेल्यावर सुपारी सुटली, अडकित्ता सुटला नाही.
ओट्यावर बसून ती नुसती हवा कातरायची.
आई म्हणायची, रिकामा वाजवू नये, घरात खटके उडतात.
ते तसेही उडत होते.
आत्या फक्त ताल धरून होती.

"नवा आहे, अजून अकडू आहे,"
असं म्हणत दाद रहीमने स्वतःच्या खिशातला काढला.
मूठ झिजून साबणाची वडी झालेली,
पात्याचं टोक कधीतरी एका सुरमईने नेलेलं.
माझ्या हातात दिला.
अंगठ्याला काही सांगावं लागलं नाही.
"हा केवढ्याला?"
तो हसला, चाकू परत घेतला, सदऱ्याला पुसला.
"यात माझी एकोणीस वर्षं आहेत, सिस्टर.
काय भाव लावू?"

काळ्या मुठीचे साडेचार रियाल सांगितले, चार घेतले.
"रोज वाजवा. दोन वर्षांत हाताचा होईल."

माझ्या कराराचे अकरा महिने उरलेत.
पुढच्या दोन वर्षांचा कागद उशीखाली आहे,
सही व्हायचीय.

रात्री फोनवर ह्यांनी विचारलं,
मधेमधे कसला आवाज येतोय?
लाईन खराब आहे, म्हटलं.
पलीकडच्या खाटेवरून लिसम्मा खोकली.
मग ते शेंगांच्या भावाबद्दल बोलले, पंपाबद्दल बोलले,
आणि फोन ठेवायच्या आधी, नेहमीसारखं:
कायमची कधी येणार?

तांदळाच्या दाण्याएवढा तो नकार
माझ्या अंगठ्याखाली होता.
मी अंगठा तिथेच ठेवला.